डोंगरमाथ्यावरील वर्ग आणि डिजिटल साधने

पालघर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, नाशिक जिल्ह्याच्या सीमेलगत मोखाडा तालुक्याचा डोंगराळ टापू पसरला आहे. कसारा-खोडाळा परिसरातील घाटवाटांनी वर चढून गेले की सूर्यमाळचे पठार लागते. पावसाळ्यात येथे दिवसदिवस धुके उतरत नाही. उतारावर नाचणी, वरई आणि भात ही पिके घेतली जातात. वारली, ठाकर, कोकणा, कातकरी आणि महादेव कोळी समाजाचे पाडे डोंगरांच्या कुशीत विखुरलेले आहेत. सूर्यमाळ येथे शासकीय आश्रमशाळा आहे. भोवतालच्या पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या लहान लहान प्राथमिक शाळा आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या शिक्षणाचा प्रश्न अधिक जवळून पाहिला जाऊ लागला आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत राज्यातील ग्रामीण शाळांत संगणक, प्रोजेक्टर, टॅब, स्पर्शफलक अशी साधने मोठ्या संख्येने आली. काही शासनाकडून, काही देणगीदार संस्थांकडून, तर बरीचशी लोकवर्गणीतून मिळाली. ही समाधानाची बाब होय. तथापि साधन शाळेत आले म्हणजे कौशल्य विद्यार्थ्यात आले, असे समजणे धाडसाचे ठरेल. सूर्यमाळसारख्या पठारावर, जेथे वीज व संपर्कजाल यांचा भरवसा धरता येत नाही आणि मुलाची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून निराळी असते, तेथे या साधनांचा नेमका उपयोग कोणता, याचा विचार शिक्षक, अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य या तिघांनीही करणे अगत्याचे आहे.

माहिती आणि कौशल्य

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. पडद्यावर ज्वालामुखीचा उद्रेक पाहिला की मुलाला माहिती मिळते. स्वतः परिच्छेद वाचून त्याचा आशय सांगता येणे, तक्ता पाहून अनुमान काढणे, मोजणे, टिपून ठेवणे, शंका विचारणे आणि आपले म्हणणे दुसऱ्यापुढे मांडणे ही कौशल्ये होत. माहिती ऐकून वा पाहून मिळू शकते. कौशल्य मात्र पोहण्यासारखे आहे. काठावर बसून पाहणाऱ्याला ते येत नाही. ते पुनःपुन्हा करावे लागते, चुकावे लागते आणि कोणीतरी ती चूक वेळीच दाखवून द्यावी लागते.

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांस सर्वोच्च अग्रक्रम दिला. त्यास अनुसरून ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू झाले आणि तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व साधी गणिते करता यावीत, हे साध्य २०२६-२७ पर्यंत गाठण्याचे ठरविण्यात आले. या उद्दिष्टात कोणत्याही यंत्राचा उल्लेख मुख्य नाही. मुख्य आहे ते मुलाला काय करता येते हे. डिजिटल साधनांचे मोल याच मापाने करावयास हवे.

पन्नास वर्षांचा अनुभव

यंत्राच्या साह्याने शिक्षण खेड्यापर्यंत नेण्याचा विचार आपल्या देशात नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा एक भव्य प्रयोग झाला. 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम दाखविले जात. पुढे १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली आणि मराठीतून शैक्षणिक चित्रफितींची निर्मिती होऊ लागली. अनेक पिढ्यांनी ते कार्यक्रम आवडीने पाहिले. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. या माध्यमाची शक्ती मोठी होती, पण ते एकमार्गी होते. संच बोलत असे आणि मूल ऐकत असे. मुलाला काय समजले हे संचाला कळण्याची सोय नव्हती. ते काम वर्गातील शिक्षकाचेच राहिले.

त्यानंतर प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र देण्याची कल्पना पुढे आली. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील एक आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील लहानशा शाळेत झाला. याच योजनेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ग्रामीण शाळांत फार मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचा संगणकाचा वापर पुष्कळ वाढला होता. परंतु भाषा व गणित या विषयांतील संपादणुकीत मोजता येण्याजोगी वाढ आढळून आली नाही. यंत्र मिळाले होते, पण त्यावर कोणत्या कौशल्याचा सराव करावयाचा हे ठरलेले नव्हते.

याच्या उलट अनुभव दिल्लीत २०१५ मध्ये आला. माध्यमिक वर्गांतील मुलांना शाळेनंतर संगणकावर सराव देण्यात आला. मूल सातवीत असले तरी त्याचे गणित चौथीच्या पातळीवर असेल, तर संगणक त्याला चौथीच्याच पातळीवरून प्रश्न देई आणि हळूहळू वर नेई. सोबत लहान गटांत मार्गदर्शनही होते. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणित व हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय प्रगती केली. यंत्रे दोन्हीकडे होती. दिल्लीत मुलाच्या सध्याच्या पातळीचा आधी शोध घेतला गेला आणि त्यानुसार सराव मिळाला, हा फरक महत्त्वाचा ठरला.

जव्हार-मोखाड्यातील बोलकी शाळा

स्थानिक परिस्थिती ओळखून साधन निवडण्याचे एक उदाहरण याच टापूत घडले. २०२० मध्ये कोरोना साथीमुळे शाळा बंद झाल्या. शहरांतील मुले मोबाईलवरून वर्गात बसू लागली. परंतु जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर अनेक घरी स्मार्टफोन नव्हता आणि असला तरी संपर्कजाल नव्हते. अशा वेळी दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने 'बोलकी शाळा' हा उपक्रम हाती घेतला. पाठ ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि ते गावात ध्वनिक्षेपकावरून ऐकविण्यात आले. अंतर राखून बसलेली मुले वही-पेन्सिल घेऊन ते ऐकत. ध्वनिक्षेपक हे काही अत्याधुनिक यंत्र नव्हे. लग्नसराईत आणि उत्सवात प्रत्येक गावाने ते पाहिलेले असते. पण त्या क्षणी त्या ठिकाणी जे चालू शकत होते, ते साधन तेच होते.

या उपक्रमापासून दोन बोध घेण्यासारखे आहेत. एक, साधनाची योग्यता त्याच्या किंमतीवरून वा नावीन्यावरून ठरत नाही. ते मुलापर्यंत पोहोचते की नाही यावरून ठरते. दुसरा, पोहोचणे ही पहिली पायरी होय. ऐकलेल्या पाठावर मुलाने काय केले, हे पाहणारे माणूस जवळ असले तरच कौशल्य घडते. सामान्य परिस्थितीत, शाळा सुरू असताना, ते माणूस म्हणजे शिक्षक वर्गात हजर असतो. म्हणून आजच्या डिजिटल साधनाने शिक्षकाची जागा घेण्याऐवजी त्याच्या हाती नसलेली एखादी शक्ती त्याला द्यावी, अशी अपेक्षा आहे.

कोसबाडचा वारसा

परिसरातून साधन घडविण्याची परंपरा या जिल्ह्याला लाभलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी उपकरणे आदिवासी पाड्यांवर आणणे शक्य नव्हते. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांपासून साधने तयार केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात नेली. आज वाडा तालुक्यातील सोनाळे येथे २००७ मध्ये स्थापन झालेली 'क्वेस्ट' ही संस्था आश्रमशाळांतील मुलांच्या वाचन-लेखनाचे व गणिताचे काम करीत आहे. कोसबाडच्या कार्याचा गाभा असा की, साधन कोणतेही असो, ते मुलाने हाताळावयाचे असते. टॅबच्या बाबतीतही हाच निकष लावला पाहिजे. टॅब शिक्षकाच्या टेबलावर राहिला आणि मुले दुरून पाहत राहिली, तर तो बालचित्रवाणीच्या संचाहून वेगळा ठरत नाही.

वर्गातील चार उपयोग

सूर्यमाळसारख्या शाळेत पाच-सहा मुलांच्या गटामागे एक साधा टॅब अथवा मोबाईल उपलब्ध झाला, तर पुढील चार उपयोग सहज करता येण्याजोगे आहेत. यांपैकी एकासही अखंड इंटरनेट लागत नाही.

पहिला उपयोग वाचनाचा. मूल अडखळत वाचते तेव्हा त्याचे सारे लक्ष अक्षरांकडे असते. आपण कसे वाचतो हे त्याला ऐकू येत नाही. टॅबमधील ध्वनिमुद्रणाची सोय वापरून मुलाने आठ-दहा ओळींचा उतारा वाचून नोंदवावा, मग पुस्तक समोर ठेवून स्वतःचा आवाज ऐकावा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने खूण करावी. दोन दिवसांनी तोच उतारा पुन्हा नोंदवावा. पहिली आणि दुसरी नोंद एकापाठोपाठ ऐकताना प्रगती मुलाला स्वतःलाच कळते. शिक्षकालाही चाळीस मुलांचे वाचन तासाभरात ऐकणे शक्य नसते. या नोंदी तो सवडीने ऐकू शकतो. वाचनासाठी साहित्य हवे, तर प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या मुक्त संग्रहात मराठी गोष्टी आहेत. त्या एकदा उतरवून घेतल्या की पुन्हा जोडणीची गरज राहत नाही.

दुसरा उपयोग बोलीतून लेखनाचा. पहिलीत येणाऱ्या मुलाची बोली वारली, ठाकरी वा कोकणा असते. पुस्तकातील प्रमाण मराठी त्याला अर्धी समजते, आणि बोलताना चुकेल या भीतीने ते गप्प राहते. त्या गप्प राहण्याला बुद्धिमांद्य समजणे हा मुलावर अन्याय होय. सुटीत घरी जाताना अथवा पाड्यावर फेरी काढून मुलांनी आजी-आजोबांकडून एखादी गोष्ट, बियाणे राखण्याची रीत किंवा बोहाड्याच्या सोंगांची माहिती ध्वनिमुद्रित करून आणावी. वर्गात ती थांबवून थांबवून ऐकावी आणि जशी बोलली तशी देवनागरीत लिहून काढावी. मग तोच मजकूर गटाने प्रमाण मराठीत लिहावा. एकच गोष्ट दोन रूपांत समोर आली की शब्दांची तुलना होते, वाक्यरचना ध्यानी येते आणि घरची भाषा हीन नाही हा विश्वास बसतो. ऐकणे, लिहिणे, भाषांतर करणे आणि संपादन करणे अशी चार कौशल्ये या एका कामात गुंफली जातात. वर्षाअखेर अशा दहा-बारा गोष्टींचे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येईल.

तिसरा उपयोग गणिताचा, आणि त्याचा विषय मोखाड्याच्या जीवनमरणाचा आहे. या भागात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. मुंबईस पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरणही याच तालुक्यात आहे. सरळ बाजूंचे व सपाट तळाचे एक भांडे उघड्यावर ठेवून मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खाते ज्या वेळी पाऊस मोजते त्याच वेळी, साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी व भांडे रिकामे करावे. ही नोंद प्रथम वहीत आणि नंतर टॅबवरील तक्त्यात करावी. महिन्याअखेर आलेख आधी चौकटीच्या कागदावर हाताने काढावा आणि मग टॅबवर काढून दोन्ही पडताळून पाहावेत. हाताने काढलेल्या आलेखामुळे आलेख म्हणजे काय हे समजते, तर टॅबमुळे चार महिन्यांच्या नोंदी क्षणात मांडून निरनिराळे प्रश्न विचारता येतात.

येथून पुढचे गणित मुलांना आपसूक सुचते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल तर त्याचे क्षेत्र १२० चौरस मीटर. एका दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छपरावर ६,००० लिटर पाणी पडले. मोसमात २,००० मिलिमीटर पाऊस धरला तर २ लाख ४० हजार लिटर. हे पाणी गेले कोठे, आणि त्यातील किती अडविता येईल, हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांनी आलेखासह ग्रामसभेत मांडला, तर गणिताचा तास आणि गावाचा विकास यांतील अंतर उरणार नाही.

चौथा उपयोग निरीक्षणाचा. मोकळ्या मैदानात एक काठी सरळ उभी रोवावी. सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा, सावलीची लांबी मोजावी आणि टॅबने त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो असे सर्वांनी ऐकलेले असते. सूर्यमाळच्या मुलांना मात्र सर्वांत आखूड सावली बारा वाजता दिसणार नाही. ऋतुमानानुसार ती साधारण बारा वाजून वीस मिनिटे ते बारा वाजून पन्नास मिनिटे या काळात पडेल. कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि हे पठार त्याच्या सुमारे नऊ अंश पश्चिमेस आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, हे एवढे कळले की उशीर का होतो याचा उलगडा मुले स्वतः करू शकतात. पुस्तकातले वा लोकांच्या तोंडचे वाक्य तपासून पाहावे, ही वैज्ञानिक वृत्ती अशाच अनुभवातून रुजते. येथे यंत्राचे काम वेळ दाखविणे व चित्र जपून ठेवणे इतकेच आहे; पाहणे, मोजणे व विचार करणे मुलाचे आहे.

वीज, पाऊस आणि संपर्कजाल

साधनांची निवड करताना परिसराच्या अडचणी आधी विचारात घ्याव्यात. टॅबची एक बॅटरी सामान्यतः वीस वॅट-तासांच्या आसपास वीज साठविते. म्हणजे दहा टॅब पूर्ण भारित करण्यास दोनशे ते अडीचशे वॅट-तास पुरतात. अडीचशे वॅटचा प्रोजेक्टर तेवढी वीज एका तासात संपवितो. विजेचा भरवसा नसलेल्या शाळेने आधी काय घ्यावे, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे. शंभर वॅटचे सौर तावदान स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारशे वॅट-तासांच्या आसपास वीज देते. मात्र पावसाळ्याच्या धुकट दिवसांत ते निम्म्याहूनही खाली येते. पावसाळी महिन्यांचे वेळापत्रक आखताना हे ध्यानी ठेवावे. दमट हवेत उपकरणे बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावीत, आणि महिनोन्महिने न वापरता पडू देऊ नयेत. न वापरलेली बॅटरी लवकर निकामी होते.

संपर्कजालाबाबत 'आधी उतरवा, मग शिकवा' हे धोरण उपयुक्त ठरते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावरील आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर संकेतांशी जोडलेले साहित्य उतरवून ठेवता येते. पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड देण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा पुढाकार सर्वश्रुत आहे; २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. तालुक्याच्या ठिकाणी केंद्रप्रमुखांच्या बैठकीसाठी येणाऱ्या शिक्षकांनी महिन्याचे साहित्य तेथेच उतरवून नेले, तर पाड्यावर संपर्क नसल्याची सबब उरत नाही.

स्थलांतर करणारे मूल

दिवाळी उलटली की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर रोजगारासाठी भिवंडी, वसई, कल्याण या बाजूस जातात. आश्रमशाळेतील मूल वसतिगृहामुळे बहुधा मागे राहते. पाड्यावरील शाळेतील मूल मात्र आईबापांबरोबर जाते आणि चार-पाच महिन्यांनी परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था राज्यात आहे. हे कार्ड दाखविल्यास नव्या ठिकाणच्या शाळेत मुलाची बैठक व्हावी हा तिचा हेतू. या कार्डासोबत मुलाच्या वाचनाची एक ध्वनिनोंद, लेखनाचे एक छायाचित्र आणि त्याला कोणती उदाहरणे येतात याची टिपणी पालकांच्या मोबाईलमध्ये दिली, तर नव्या शाळेतील शिक्षकाला पहिल्याच दिवशी मुलाची पातळी समजेल. मूल परत आल्यावरही हीच नोंद उपयोगी पडेल. एका मिनिटाच्या या ध्वनिनोंदीमुळे एखादे मूल मागल्या बाकावर हरवून जाण्यापासून वाचू शकते.

ग्रामपंचायतीचा वाटा

शाळेसाठी साधने घेताना ग्रामपंचायतीचे मत निर्णायक असते. मोखाडा तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २०१५ पासून राज्यात आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट व अबंध स्वरूपात देण्यात येतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या विनियोगाचा एक मान्य विभाग आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे कर्तव्य आहे. खरेदीचा प्रस्ताव या आराखड्यातून ग्रामसभेपुढे यावा, हे इष्ट होय.

शेजारच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नावाजली गेली आणि अनेक गावांनी वर्गणी काढून तिचे अनुकरण केले. अनुकरण करताना भिंतीवरील फलकापेक्षा शिक्षकाची तयारी आणि गावाची साथ यांकडे अधिक लक्ष द्यावे. प्रस्ताव समोर आला की सदस्यांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. या साधनाने कोणत्या इयत्तेतील मुलांचे कोणते कौशल्य वाढणार? ते प्रत्यक्ष मुलांच्या हाती आठवड्यातून किती वेळ राहणार? वीज व दुरुस्ती यांची तरतूद काय? शिक्षकाची बदली झाली तर ते कोण चालविणार? सहा महिन्यांनी उपयोग झाला की नाही हे कसे पाहणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निधी द्यावा. कपाटात कुलूपबंद राहिलेला संच हा गावाच्या पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय पुढच्या चांगल्या प्रस्तावावरचा विश्वासही त्यामुळे उडतो.

सावधगिरी

मोबाईल आता पाड्यावरही पोहोचला आहे. 'असर' या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात शिक्षणासंबंधी काही कामासाठी त्याचा उपयोग केला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र हाताळणे मुले कोणी न शिकविताही शिकतात. त्याचा विवेकाने उपयोग करणे शाळेने शिकवावे लागते. मिळालेला संदेश खरा कशावरून, तो कोणी लिहिला, दुसरीकडे त्याला आधार आहे काय, हे तपासण्याची सवय आज वाचन-लेखनाइतकीच आवश्यक आहे.

मुलांची छायाचित्रे व आवाज ही त्यांची खाजगी बाब आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वर्गातील नोंदी वर्गाच्या कामापुरत्याच ठेवाव्यात. प्रसिद्धीसाठी त्या गटागटांतून फिरवू नयेत.

कसोटी

डिजिटल वर्ग यशस्वी झाला की नाही हे ठरविण्यास मोठ्या अहवालांची गरज नाही. भेटीस आलेल्या अधिकाऱ्याने अथवा सदस्याने टॅब बाजूला ठेवावयास सांगावे. मग एखाद्या मुलास न पाहिलेला उतारा वाचून त्याचा आशय सांगण्यास सांगावे. दुसऱ्यास पावसाच्या नोंदीवरून छपरावरील पाण्याचा हिशेब करावयास द्यावा. तिसऱ्यास सावलीचे गूढ समजावून सांगण्यास सांगावे. मुलांना हे जमले, तर यंत्राने आपले काम केले. न जमले, तर यंत्र नवे असो वा जुने, वर्गाची योजना पुन्हा आखावयास हवी.

सूर्यमाळच्या पठारावरील मूल पावसाचा अंदाज, रानातील वनस्पती आणि डोंगरातील वाटा शाळेत येण्यापूर्वीच जाणते. या ज्ञानाला वाचन, लेखन व गणित यांची जोड देऊन ते मूल ग्रामसभेत, महाविद्यालयात आणि रोजगाराच्या क्षेत्रात आत्मविश्वासाने उभे राहावे, हे शिक्षणाचे कार्य होय. त्यासाठी शिक्षकांनी येत्या सत्रात वरील चारपैकी एकच उपयोग निवडून एका वर्गात नियमित करून पाहावा, केंद्रप्रमुखांनी त्याची नोंद ठेवावी आणि ग्रामपंचायतीने त्या अनुभवावरून पुढील खरेदी ठरवावी. या क्रमाने गेल्यास घेतलेले प्रत्येक साधन मुलाच्या हाती पडेल आणि त्याच्या उपयोगाचेही ठरेल.